हलके काडतूस आणि पक्का नेम

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



अध्यापन करीत असताना शाळेतील राष्ट्रीय छात्रसेनेच्या पथकाचे कामही आमच्याकडे असे. त्यावरून नेमबाजीच्या शिक्षणाविषयी बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती आम्हांस शिरोधार्य आहे.

दोन्ही महायुद्धांत हिंदी सैनिकांच्या हाती ली-एनफील्ड रायफल होती. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही ती तयार होत असे. वजन सुमारे 4 किलो. 174 ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 2,440 फूट वेगाने सुटे. तो आवाज आणि खांद्यास बसणारा तो धक्का यांनी नवशिका डोळे मिटतो, चाप हिसडतो. नेम चुकतो तो भीतीमुळे. आणि ही खोड एकदा जडली की सुटता सुटत नाही.

यावर उपाय एकच, आरंभ हलक्या काडतुसाने करावा. ब्रिटिश सैन्यात 19व्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या नळीत बारीक नळी बसवून लहान काडतुसांचा सराव करीत. अमेरिकेतील हौशी लोक सैन्याने मोडीत काढलेल्या रायफलींसाठी वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. नवी टोपी, थोडी दारू आणि ओतीव शिशाची गोळी, एवढ्यावर काम भागते. धक्का कमी, खर्चही कमी. परंतु दारू थोडी म्हणून धोका थोडा, असे मात्र नव्हे. मोठ्या पुंगळीत दारू चुकून दुप्पट पडली तरी ती मावते आणि रायफल फुटू शकते. फारच कमी पडली तर गोळी नळीत अडकते व पुढचा बार घात करतो. म्हणून जाणता मनुष्य गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून पाहतो. आपल्या देशात 1959 च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून काडतुसे बनविणे हा गुन्हा आहे. तो नाद कोणी करू नये.

आपल्या मुलांसाठी 0.22 ची रायफल हाच राजमार्ग होय. तिची गोळी अवघी 40 ग्रेनची, जोर मोठ्या काडतुसाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतका. मात्र श्वास रोखणे, माशी जुळविणे, चाप हळुवार दाबणे हे सारे तेच. तथापि ही गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून शिस्तीत काडीचीही सूट नाही.

आता मुख्य गोष्ट. शिबिरासाठी मुलाच्या संमतिपत्रावर निमूट सही होते, मुलीचे मात्र कोरे परत येते, हे आम्ही आपल्याच समाजात पाहिले आहे. “पोरीच्या खांद्याला सोसेल का?” असे विचारतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली 50 मीटर प्रकारात जगज्जेत्या झाल्या, त्या याच 0.22 च्या काडतुसावर. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, तेही याच काडतुसावर. तेव्हा प्रश्न खांद्याचा नसून आपल्या मनाचा आहे.

मुळाक्षरे गिरविल्यावाचून कोणी ग्रंथ वाचीत नाही. मुलांबरोबर मुलींच्याही हाती ही पाटी द्यावी, एवढीच नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.