वहीत न लिहिलेले नाव

(डोंबिवली येथे गृहउद्योग करणाऱ्या भगिनींच्या मेळाव्यात एका पत्रकाराने केलेले भाषण, किंचित संपादित स्वरूपात.)



मला निमंत्रण देताना संयोजकांनी विषय दिला होता, 'गृहउद्योग आणि कुटुंब'. या विषयावर आकडेवारीसह बोलू शकतील असे अभ्यासक या सभागृहात आहेत. मी पत्रकार. मला एका माणसाची गोष्ट सांगता येते. ती माणसेही माझ्या घरातलीच. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, आणि तिच्या बरोबरीने माझी आई. आई आज पंच्याहत्तरी ओलांडून समोर पहिल्या रांगेत बसली आहे. मी काय बोलणार, हे तिला ठाऊक नाही.

आजोबा एका खाजगी कंपनीत कारकून होते. १९६३ साली ते अल्पशा आजाराने गेले, तेव्हा आजी ३७ वर्षांची होती. पदरात तीन मुले, डोंबिवली पूर्वेला चाळीतल्या दोन खोल्या आणि शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. थोरला मुलगा, म्हणजे माझे वडील, कॉलेज सोडून नोकरीला लागले. त्या पगारात धाकट्या दोघांची शिक्षणे होणे शक्य नव्हते. माहेरी परत येण्याविषयी भावाचे पत्र आले. आजीने त्याला काय उत्तर धाडले ते कोणास कळले नाही. मात्र त्याच दिवाळीला तिने शंभर पानी वही विकत आणली, लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळदकुंकू वाहिले आणि पहिल्या पानावर 'श्री' काढून खाली लिहिले, 'भाजणी, चार किलो'.

पुढे अडतीस वर्षे हा शिरस्ता चालला. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, उन्हाळ्यात पापड-कुरडया, श्रावणात आणि नवरात्रात उपासाची भाजणी, दिवाळीआधी चकलीची. दुकान नव्हते, पाटी नव्हती. गिऱ्हाइके मिळाली ती लोकलच्या बायकांच्या डब्यात. शेजारच्या नोकरदार भगिनींनी डब्यात चव दाखवली आणि मागणी ठाण्यापर्यंत पोहोचली. पुढे नौपाड्यातल्या घरांत पुड्या पोहोचवण्याचे काम माझ्याकडे आले. शनिवारी अर्धी शाळा सुटली की दोन कापडी पिशव्या घेऊन मी गाडीत बसे. जलद गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की पिशव्यांतला मसाल्याचा वास डब्यात कोंडून राही आणि एखादा प्रवासी हमखास विचारी, "बाळ, काय आहे रे त्यात?" त्या प्रश्नातून आम्हाला नवी गिऱ्हाइके मिळाली आहेत.

आजीचा चोखपणा कसा होता, याचे एकच उदाहरण देतो. उपासाच्या भाजणीचे दळण ती गिरणी उघडताच सकाळी पहिले लावी. आदल्या दिवशीचे गहू जात्यात अडकलेले असतात. म्हणून आधी अर्धा किलो वरी पदरच्या पैशाने दळून घ्यायची, ते पीठ वेगळे काढायचे आणि मगच साबुदाणा-राजगिऱ्याचे दळण टाकायचे. गिऱ्हाइकाला हे कधी कळणारही नव्हते. "त्यांना नाही कळणार, पण उपास त्यांचा मोडेल आणि पाप माझ्या माथी येईल," एवढेच ती म्हणे.

भगिनींनो, आजी २००३ साली गेली. मृत्यूची नोंद करण्यासाठी मी कार्यालयात गेलो. अर्जात एक रकाना होता, 'मृत व्यक्तीचा व्यवसाय'. मी क्षणभरही न थांबता लिहिले, 'गृहिणी'. तोपर्यंत मी दहा-बारा वर्षे पत्रकारिता केली होती. डोंबिवली औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी कारखानदारांच्या मुलाखती घेतल्या होत्या. 'शून्यातून विश्व' असे मथळे दिले होते. जिच्या भाजणीच्या पैशांतून माझ्या शाळेची फी भरली गेली, तिच्या व्यवसायाचा रकाना मात्र मी एका शब्दात निकालात काढला. त्यात मला काही चुकीचे वाटलेही नाही.

ती चूक कळायला वीसहून अधिक वर्षे जावी लागली. आमची इमारत पुनर्विकासाला गेली. माळा रिकामा करताना पत्र्याची ट्रंक निघाली आणि तिच्यात या वह्या. दिवाळी ते दिवाळी एक, अशा अडतीस. रात्री जागून मी त्या वाचल्या.

आपल्यापैकी ज्या भगिनी खाद्यपदार्थ करतात, त्यांना यातले मर्म चटकन कळेल. प्रत्येक घाण्यापुढे तिने 'घट' असा शब्द लिहिला आहे. धान्य भाजताना वजन कमी होते, दळताना आणखी थोडे जाते. भाव काढायचा तो आणलेल्या धान्यावर नव्हे, हाती आलेल्या पिठावर. शेर जाऊन किलो सक्तीचा झाला त्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. तरी चौथी शिकलेल्या बाईने ग्रॅमचा हिशेब मांडला आहे. कोळसा, दळणाचे पैसे, कागदी पिशव्या, मस्जिद बंदरला मसाल्याचे जिन्नस आणायला जाण्याचे गाडीभाडे, सारे काही लिहिलेले आहे. 'नातू, ठाणे, दहा पैसे' अशीही नोंद आहे. ती माझी पहिली कमाई!

१९८२ ची वही मी दोनदा वाचली. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या आळीत गिरणीत जाणारी सात-आठ कुटुंबे होती. वहीत त्यांची उधारी वाढत गेलेली दिसते. आजीने एकही उधारी माफ केलेली नाही. मला प्रथम वाईट वाटले. मग पुढची पाने उलटली. चैत्रापासून त्याच बायकांच्या नावापुढे 'पापड, लाटण्याची मजुरी' अशा नोंदी सुरू होतात आणि उधारी थोडी थोडी खाली येते. दिवाळीपर्यंत ती फिटली आहे आणि त्यानंतर त्याच नावांपुढे रोख मजुरी आहे. मग लहानपणी ऐकलेले एक वाक्य आठवले. कोणीतरी तिला म्हणाले होते, "सोडून द्या ना पैसे, बिचाऱ्या अडचणीत आहेत." आजी म्हणाली, "सोडले तर ती उद्या माझ्या दारात यायची नाही. काम दिलं तर मान वर करून येईल."

आपल्या परंपरेत दानाचे माहात्म्य मोठे आहे, परंतु कामाच्या मोबदल्याचेही भान आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाचे प्रकरण आहे. घराबाहेर न पडणाऱ्या, विधवा, अपंग अशा स्त्रियांना सूतकताईचे काम घरी पोहोचवावे, सुताच्या प्रतीनुसार वेतन द्यावे आणि वेतन द्यायला विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड व्हावा, असे त्यात सांगितले आहे. घरात बसून केलेले कामही काम आहे आणि त्याचे दाम वेळेवर चुकते झाले पाहिजे, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे. आजीने अर्थशास्त्र वाचले नव्हते, पण ती ते जगत होती.

येथवर गोष्ट गौरवाची आहे. पुढची सांगायला जड जाते.

अडतीस वह्यांत सगळ्यांची मजुरी आहे. शेजारणींची आहे, गिरणीवाल्याची आहे, माझे दहा पैसे आहेत. एक नाव मात्र कोठेही नाही. ते माझ्या आईचे. १९६८ साली ती या घरात सून म्हणून आली. पहाटे चारला उठून लोखंडी कढईत धान्य भाजायला ती बसे. प्रत्येक धान्य वेगळे, प्रत्येकाचा रंग वेगळा, वास वेगळा. तळहातावरचे चटके मी पाहिले आहेत. तेहेतीस वर्षांत एकाही वहीत तिच्यापुढे एक पैसा लिहिलेला नाही. आजी दुष्ट होती म्हणून नव्हे. सुनेचे काम हा खर्च असतो, हे तिच्या मनातच आले नाही. मी अर्जावर 'गृहिणी' लिहिले, तेव्हा माझ्या तरी कोठे मनात आले होते?

आणि आजीचा उद्योग का टिकला नाही, याचे उत्तरही मला येथेच सापडले. २००१ साली आजीने अंथरूण धरले. आईने सारे एकटीने चालवून पाहिले. भाजायला मजुरीने बाई ठेवली, तेव्हा लक्षात आले की त्या भावात भाजणी परवडतच नाही. इतकी वर्षे आमचा भाव स्वस्त होता, कारण तो आईच्या बिनमोल हातांवर उभा होता. भाव एकदम वाढवला, गिऱ्हाइके तुटली आणि त्या दिवाळीला नवी वही आली नाही. जो खर्च लिहिला गेला नाही, त्यानेच उद्योग बुडवला.

याच्या उलट एक उदाहरण आपण सारे जाणतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आजीच्या पापडाची चव त्यापेक्षा उणी नव्हती, हे मी नातू म्हणून नव्हे, खवय्या म्हणून सांगतो. भेद होता तो एवढाच की तिथे लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण होती आणि तिचा हिशेब नोंदला जात होता.

हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १६ कोटी स्त्रियांनी 'घरकाम' हाच आपला मुख्य व्यवसाय सांगितला. असे सांगणारे पुरुष होते अवघे ५८ लाख. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-भरपाईच्या निकालात हे आकडे नमूद करून गृहिणीच्या श्रमाचे मोल धरले पाहिजे, असे बजावले. त्या १६ कोटींत भाजणी, मसाले, शिवण, पोळीभाजी करणाऱ्या किती भगिनी दडलेल्या असतील? त्यांच्या घरी एखाद्या नातवाने असाच रकाना भरला असेल.

काही जण म्हणतील, घरात हिशेब आला की माया आटते. मला हे पटत नाही. ज्या आजीने हिशेब ठेवला, तिच्याच दारात १९८२ साली शेजारणी मान वर करून आल्या. हिशेबाने नाते तुटत नाही. ज्याचा हिशेब कधीच झाला नाही, ते मात्र मनात सलत राहते.

म्हणून आपणांस हात जोडून विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या उद्योगाची वही उघडा. त्यात मालाचा खर्च असेलच. मदतीला बसणारी सून, लेक, जाऊ आणि स्वतः आपण, यांच्या श्रमाचा रकाना आखा. पैसे लगेच देता आले नाहीत तरी आकडा लिहा आणि तो धरूनच भाव ठरवा. तिचे बँकेत स्वतंत्र खाते असू द्या. जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे, ती जिचे हात राबतात तिच्या नावाने करा. घराची लक्ष्मी म्हणून जिला आपण ओवाळतो, तिचे नाव वहीत असायला लाज कसली?

शेवटचे एक सांगतो. वह्या वाचून झाल्यावर मी आईला विचारले, "तुला कधी वाटलं नाही, की आपलंही नाव असावं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सासूबाईंना भाजणीचा रंग दिसेनासा झाला, तेव्हा त्या मला विचारायच्या, उतरवू का गं कढई? मी हो म्हटल्यावरच उतरवायच्या. तेवढं पुरे होतं मला."

तिला ते पुरले असेल. मला पुरत नाही. अडतिसाव्या वहीची शेवटची काही पाने कोरी आहेत. काल रात्री त्यातल्या पहिल्या कोऱ्या पानावर मी 'श्री' काढला, खाली आईचे पूर्ण नाव लिहिले आणि त्यापुढे तिचा व्यवसाय लिहिला, 'भाजणी उत्पादक, १९६८ ते २००१'. मजुरीचा रकाना भरायचा आहे. तो आकडा तिनेच सांगावा, म्हणून ती वही मी आज सोबत आणली आहे.