हाडांचा रखवालदार आणि त्याची मोजदाद



हाड म्हणजे एकदां उभारून झालेली भिंत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः हें घर नित्य पाडलें जातें व नित्य बांधलें जातें. जुनें हाड झिजविणाऱ्या पेशी वेगळ्या, नवें रचणाऱ्या वेगळ्या. झिजविणाऱ्यांचा हात आवरणारें एक प्रथिन १९९७ सालीं जगापुढें आलें. ऑस्टिओप्रोटेजेरिन, म्हणजे अस्थिरक्षक, हें त्याचें नांव. रँकल नांवाचें दुसरें प्रथिन झिजविणाऱ्या पेशींना चेतवितें. आपला हा रखवालदार त्या रँकललाच धरून ठेवतो.

तो रक्तांत किती आहे, हें मोजावें कसें? एक मिलिलिटर रक्तद्रवांत अल्ब्युमिन हें प्रथिन सुमारें ४० मिलिग्रॅम असतें. अस्थिरक्षकाची मोजदाद मात्र पिकोग्रॅमांत करावी लागते. एका ग्रॅमचे एक लक्ष कोटी भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. येथें तराजू काय करणार? म्हणून शास्त्रज्ञांनीं शरीराचेंच एक हत्यार हातीं घेतलें. तें म्हणजे प्रतिपिंड. ठराविक पदार्थ ओळखून त्यालाच चिकटणें हा त्याचा धर्म. प्लास्टिकच्या तबकडींतील खळग्यांत एक प्रतिपिंड बसवितात व त्यावर रक्तद्रव घालतात. अस्थिरक्षक तेवढा अडकतो, बाकीचें धुऊन जातें. मग एन्झाइम जोडलेलें दुसरें प्रतिपिंड त्याच्या दुसऱ्या अंगास चिकटतें व शेवटीं घातलेल्या द्रावणाला रंग चढतो. रंग जितका गडद, तितकें प्रथिन अधिक. ठाऊक असलेल्या प्रमाणांच्या रंगांशीं तो ताडून पाहिला कीं आंकडा मिळतो. एन्झाइमची ही युक्ति १९७१ सालीं स्टॉकहोमच्या एंगव्हाल व पर्लमन यांनीं प्रसिद्ध केली. नागपूरकरांना ती परकी नाहीं. शेजारच्या सेवाग्राम येथील वैद्यकीय संस्थेंत हत्तीरोगाच्या निदानासाठीं याच पद्धतीवर संशोधन झालें आहे.

परंतु आंकडा हातीं आला, एवढ्यानें निदान होत नाहीं. हें प्रथिन केवळ हाडांतून येत नाहीं. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतूनही तें स्रवतें. वयाबरोबर तें वाढतें, आणि कांहीं वेळां हाडें ठिसूळ असतांही जास्त आढळतें. रखवालदार वाढले म्हणजे घर सुरक्षित झालें असें थोडेंच आहे? कदाचित् चोऱ्या वाढल्या म्हणूनच ते नेमले असतील! शिवाय एखादी चाचणी मोकळा अस्थिरक्षकच मोजते, तर दुसरी रँकलशीं जखडलेलाही मोजते. मग दोन प्रयोगशाळांचे आंकडे एका मापानें कसे तोलावे?

म्हणून संशोधनास ही मोजदाद मोलाची असली, तरी हाडांच्या ठिसूळपणाचें निदान तिच्यावर करीत नाहींत. त्यासाठीं क्ष-किरणांनीं हाडांची घनता मोजतात, आणि वय व पूर्वीचे अस्थिभंग विचारांत घेतात. या ज्ञानाचें फळ मात्र रुग्णांच्या पदरीं पडलें आहे. रखवालदाराचेंच काम करणारें, म्हणजे रँकलला जखडणारें, डेनोसुमॅब हें प्रतिपिंडाचें औषध अमेरिकेंत २०१० सालीं मान्य झालें.

घरांतील वृद्ध आई नुसती घसरून पडली आणि तिचें मनगट मोडलें, तर ‘वयच झालें’ म्हणून स्वस्थ बसूं नये. प्लास्टर निघाल्यावर तरी डॉक्टरांकडून हाडांची घनता तपासून घ्यावी. पहिला अस्थिभंग ही पुष्कळदां दुसऱ्याची सूचना असते.