अर्ध्या सेकंदाचा उशीर

मुक्त सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांपुढे उघडा असतो, म्हणून तो सुरक्षित, असं सर्रास म्हटलं जातं. हे अर्धंच खरं. वाचता येणं वेगळं आणि कुणीतरी बसून वाचणं वेगळं. फाइलींचा आकार कमी करणारं ‘एक्सझेड युटिल्स’ हे पॅकेज घ्या. लिनक्स चालणाऱ्या असंख्य संगणकांवर ते असतं. सांभाळत होता मुख्यतः एकच माणूस, तोही हौसेनं, बिनपगारी. दुरुस्त्यांना उशीर का, असा तगादा त्याच्यामागे लागला. मग जिया टान असं नाव लावणारं कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं चोख काम करून विश्वास कमावला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला.

तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढंच त्यांना खटकलं. त्यांनी मोजमाप केलं, माग काढला आणि २९ मार्चला कोणती आवृत्ती, कोणती फाइल, नेमकं काय घडतं, हे सविस्तर जाहीर केलं. मग कोड बंदच ठेवावा, असं कुणी म्हणेल. पण बंद कोडमध्ये बाहेरच्या माणसाला इतकं खोल जाता आलं नसतं. अडचण उघडेपणाची नाही, मनुष्यबळाची आहे. “चालत नाही, लवकर बघा” एवढीच तक्रार त्या एकट्या माणसाचा वेळ खाते. आवृत्ती आणि चूक पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या दिल्या, तर तोच वेळ वाचतो. आणि हा कोड फुकट वापरून धंदा करणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या पगाराचंही बघावं.