गच्चीचा विचार नकाशातच

हैदराबादच्या अफझलगंजसारख्या दाट वस्तीत जुनं घर पाडून नवं बांधताना सौर पॅनेलची आठवण बहुधा शेवटी होते. ती नकाशा काढतानाच व्हायला हवी.

एका किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट मोकळी गच्ची लागते. त्यातून दिवसाला सरासरी चारेक युनिट वीज मिळते. हैदराबाद 17 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पॅनेलं दक्षिणेकडे, साधारण तेवढ्याच कलाने बसवतात. म्हणून पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेला बरी. एका पॅनेलवर सावली पडली, तरी त्याच्याशी जोडलेल्या मालिकेची वीज घटू शकते. शेजारच्या इमारतीची डिसेंबरातली लांब सावलीही आधीच पाहावी.

पॅनेलपासून मीटरपर्यंतच्या तारांचा पाइप भिंतीत बांधकामातच घालावा.

2024 च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती 3 किलोवॅटला 78,000 रुपये केंद्रीय अनुदान आहे.