शीतकपाटाचें दुखणें आणि त्याचे सुटे भाग



आमचें मलकापूर कोल्हापूरहून रत्नागिरीस जाणाऱ्या हमरस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे वसलेलें आहे. एके काळीं हें विशाळगडच्या जहागिरीचें ठाणें होतें. आज तें शाहूवाडी तालुक्यांतील बाजाराचें गांव आहे. सह्याद्रीची कड जवळ असल्यामुळें मृगापासून हस्तापर्यंत येथें पाऊस असा कोसळतो कीं, भिंती ओल धरतात, मिठाला पाणी सुटतें आणि ठेवणीच्या कपड्यांवर बुरशी चढते. अशा गांवीं थंडी करणाऱ्या पेटीची गरज ती काय, असें परका मनुष्य विचारील. परंतु ज्या घरांत दोन वेळचें दूध सांभाळावयाचें असतें, बाजाराच्या दिवशीं आणलेली भाजी आठवडाभर पुरवावयाची असते आणि घरांतील वृद्धांचें औषध थंड ठेवावें लागतें, त्या घरांत शीतकपाट, म्हणजेच आपण सर्वजण ज्यास फ्रिज म्हणतों तें, आतां चैनीची वस्तु राहिलेलें नाहीं.

असें असूनहि या कपाटाविषयीं आपण मोठे बेफिकीर असतों. शिवणयंत्रास आपण आठवणीनें तेल घालतों, माठ घासून घेतों. फ्रिज मात्र एकदां विजेस जोडला कीं तो आपोआप जन्मभर चालावा, अशी आपली समजूत असते. आणि तो अडला म्हणजे येईल त्या कारागिराचें म्हणणें प्रमाण मानून आपण पैसे मोजतों. असाच प्रसंग आमच्या घरीं आला होता. तो प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वींची श्रावणांतली गोष्ट. आमचें कपाट एका दाराचें, वर बर्फाचा कप्पा असलेलें, अगदीं साध्या जातीचें होतें. तें रात्रंदिवस घुमूं लागलें, आणि तरीहि रात्रीं ठेवलेलें दूध सकाळीं नासूं लागलें. आमच्या आत्याबाईंना मधुमेहासाठीं इन्सुलिन टोंचून घ्यावें लागे, आणि त्याच्या कुप्या याच कपाटांत असत. एक कारागीर आले. त्यांनीं पाठीमागें हात लावून पाहिला आणि निदान केलें, "गॅस गेलाय, भरावा लागेल. कॉम्प्रेसर पण आतां फार दिवस काढणार नाहीं." त्यांनीं सांगितलेला आंकडा नव्या कपाटाच्या निम्म्या किंमतीच्या जवळ जात होता. मी पैसे काढावयास उठलों, तोंच आत्याबाईंनीं विचारलें, "गॅस गेला म्हणतोस, पण गेला कुठं रे बाळा?"

त्या प्रश्नास त्या गृहस्थांपाशीं उत्तर नव्हतें, माझ्यापाशींहि नव्हतें. तें शोधतांना जें कांहीं शिकलों, तेंच आज आपणांपुढें मांडीत आहें.

फ्रिज थंडी निर्माण करीत नाहीं. तो आंतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. माठांतील पाणी पाझरून उडून जातें व जातांना उष्णता घेऊन जातें, त्याच तत्त्वावर हें यंत्र चालतें. फरक इतकाच कीं, माठाचें पाणी हवेंत निघून जातें, आणि येथील वायु पुन्हां पुन्हां कामास लावला जातो. कॉम्प्रेसर म्हणजे या यंत्राचें हृदय. तो वायूस दाबून तापवितो. पाठीमागच्या जाळींत तो वायु आपली उष्णता खोलींत सोडून द्रवरूप होतो. मग केसासारख्या बारीक नळींतून तो बर्फाच्या कप्प्याभोंवतीं येतो व तेथें पुन्हां वायुरूप होतांना आंतली उष्णता शोषून घेतो. हा सारा मार्ग झाळून पक्का बंद केलेला असतो. कंदिलांतील तेल जळून संपतें, तसा हा गॅस कधींहि संपत नाहीं. तो खरोखर कमी झाला असेल, तर कोठें तरी छिद्र पडलेलें असलेंच पाहिजे. आणि छिद्र न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. म्हणून "गॅस गेला" असें कोणी म्हणाल्यास आत्याबाईंचाच प्रश्न विचारावा. गळती कोठें सांपडली, हें दाखविल्याखेरीज पैशाची गोष्ट काढूं नये.

आमच्या कपाटास गळती नव्हतीच. दोष होता दाराच्या रबरांत. या रबराच्या पोटांत चुंबकाची पट्टी असते व ती दार घट्ट ओढून धरते. तें पुढें कडक होतें, कोपऱ्यांत उलतें, आणि आमच्याकडील ओलीनें त्यावर काळी बुरशी धरते. त्याची परीक्षा सोपी आहे. कागदाचा एक कपटा दारांत धरून दार लावावें आणि कपटा ओढावा. तो अडखळत आला तर रबर ठीक. सहज निसटला तर त्या जागीं फट आहे. चारी बाजूंनीं अशी परीक्षा करावी. आमच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यांतून पावसाळ्याची ओली हवा अखंड आंत शिरत होती. त्या ओलीचा बर्फाच्या कप्प्यावर जाड थर बसला होता. हा थर थंडी वाढवीत नाहीं. उलट तो घोंगडीसारखा आड येतो. म्हणून यंत्र राबत होतें आणि दूध नासत होतें.

याच गडबडींत आमच्या हातून एक चूक घडली, ती सांगितलीच पाहिजे. खालीं थंडी पुरत नाहीं असें पाहून घरांतील कोणी तरी इन्सुलिनच्या कुप्या उचलून बर्फाच्या कप्प्यांत ठेवल्या. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेंटिग्रेड इतकी थंडी लागते. परंतु तें गोठलें कीं निरुपयोगी होतें. वितळल्यावर तें पूर्वीसारखें दिसलें, तरी त्याच्या गुणाचा भरंवसा उरत नाहीं. त्या सर्व कुप्या टाकून द्याव्या लागल्या, आणि मुसळधार पावसांत नव्या आणण्यासाठीं कोल्हापूर गांठावें लागलें. तेव्हां औषध मधल्या फळीवर ठेवावें, बर्फाच्या कप्प्यास किंवा मागच्या भिंतीस टेकवूं नये, आणि शेजारीं पाण्याच्या पेल्यांत एक लहानसा तापमापक ठेवावा. खालच्या भागांत सुमारें ४ अंश व बर्फाच्या कप्प्यांत उणें १८ अंश हें सामान्यतः योग्य मान होय. साध्या एका दाराच्या कपाटांतील बर्फाचा कप्पा मात्र बहुधा इतका थंड होत नाहीं.

आतां नेहमींच्या निगेविषयीं. कोणतेंहि काम करण्यापूर्वीं वीज तोडावी; बटन बंद करून भागत नाहीं, प्लग उपसून ठेवावा. साध्या कपाटांत बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला कीं तो वितळवून काढावा. त्यासाठीं दार उघडें टाकावें व कोमट पाण्याचें पातेलें आंत ठेवावें. सुरी किंवा उलथणें यांनीं बर्फ खरवडूं नये. त्या पातळ पत्र्यांतच गॅसची वाट असते, आणि एका घावानें जें छिद्र पडतें त्याची किंमत नव्या कपाटाशीं स्पर्धा करते. रबर साबणाच्या कोमट पाण्यानें पुसून कोरडें करावें. आंतल्या वासास खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून लावावा. पाठीमागें उघडी जाळी असेल तर तिच्यावरील धूळ व कोळिष्टकें मऊ कुंच्यानें झाडावीं, आणि भिंतीपासून वीतभर अंतर राखावें. पुष्कळ नव्या कपाटांत ही जाळी बाजूच्या पत्र्याआड दडलेली असते. त्यामुळें बाजू हातास गरम लागल्या तर घाबरूं नये. ज्या कपाटांत बर्फ आपोआप वितळतो, त्यांत पाणी वाहून नेणारें भोंक कचऱ्यानें तुंबतें व भाज्यांच्या पेटीखालीं तळें सांचतें. तें भोंक कोमट पाण्यानें मोकळें करावें. वादळवाऱ्यांत वीज जाते-येते, तेव्हां कॉम्प्रेसरला पुन्हां सुरू होण्यापूर्वीं ३ ते ५ मिनिटांची विश्रांति हवी. ती राखणारा स्टॅबिलायझर जुन्या कपाटास तरी अवश्य असावा. नव्या इन्व्हर्टर जातीस तो लागतो कीं नाहीं, हें तिच्या पुस्तिकेंत पाहावें.

यानंतर सुट्या भागांची निवड. येथें आमची दुसरी चूक झाली. मी दाराची लांबी-रुंदी दोरीनें मोजून तेवढ्या मापाचें रबर कोल्हापुरांतील एका दुकानांतून आणलें. तें मापास बरोबर होतें, पण बसेना. आमच्या दारास रबराची कड खांचेंत दाबून बसविण्याची सोय होती, आणि आणलेलें रबर स्क्रूनें आवळावयाचें होतें! तेव्हां पहिला नियम हा कीं, भाग वस्तूच्या रूपावरून न मागतां कपाटाच्या क्रमांकावरून मागावा. आंतल्या बाजूस किंवा पाठीवर एक पाटी असते. तिच्यावर मॉडेलचा क्रमांक, गॅसचें नांव व त्याचें वजन, आणि विजेचें मान हीं दिलेलीं असतात. ती पाटी आजच वहींत उतरून ठेवा; दहा वर्षांनीं तिचीं अक्षरें पुसटतील. आणि जुना भाग शक्य तर बरोबर न्यावा.

थर्मोस्टॅट घेतांना त्याच्या अंगावरील क्रमांक व शेपटीसारख्या नळीची लांबी जुळली पाहिजे. ती नळी वांकवून मोडूं नये आणि पूर्वीच्याच जागीं घट्ट बसवावी. आंतलें सर्व कांहीं गोठूं लागलें, तर पुष्कळदां दोष या थर्मोस्टॅटचाच असतो. कॉम्प्रेसर क्षणभर घुमून 'टक्' आवाज करून थांबत असेल, तर त्यास मृत ठरविण्यापूर्वीं विजेचा दाब पाहावा, मग रिले व ओव्हरलोड तपासून घ्यावेत. हे स्वस्त भाग त्या कॉम्प्रेसरच्याच जातीचे घ्यावे लागतात. जोडीला कपॅसिटर असेल तर त्याचे मायक्रोफॅरड जुळावेत आणि व्होल्टचें मान कमी नसावें. बर्फ आपोआप वितळविणाऱ्या कपाटांत आंत थर सांचूं लागला, तर तापविणारी तार, तिचा तापनियंत्रक किंवा घड्याळ यांपैकीं कोणता भाग बिघडला तें आधीं तपासून घ्यावें. तिन्ही एकदम बदलूं नयेत.

गॅसच्या मार्गास मात्र घरच्या माणसानें हात लावूं नये. आपल्या देशांत गोदरेज कंपनीनें १९५८ सालीं फ्रिज बनविण्यास आरंभ केला, तेव्हांपासून बराच काळ आर-१२ हा वायु वापरांत होता. तो आकाशांतील ओझोनच्या थरास मारक ठरल्यामुळें १९८७ च्या माँट्रियल करारानें त्याची उचलबांगडी ठरली, आणि २०१० पर्यंत भारतांत त्याचें नेहमींच्या वापरासाठीं उत्पादन बंद झालें. त्याच्या जागीं आर-१३४ए आला आणि पुढें आर-६००ए. हा शेवटचा म्हणजे आयसोब्यूटेन, स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळांतला. कपाटांत तो थोडाच असतो, पण ज्वालाग्राही असतो. अशा कपाटाच्या कॉम्प्रेसरजवळ ज्योतीचें चित्र असलेली पिंवळी खूण असते. गॅस बदलला कीं तेल, कॉम्प्रेसर व बारीक नळी यांचाहि मेळ बदलतो. म्हणून एकाच्या जागीं दुसरा गॅस भरून देणारा कारागीर स्वस्त पडत नाहीं. शिवाय मार्ग उघडला कीं गाळणी नवी घालावी व आंतली हवा पंपानें पूर्ण काढावी. आमच्यासारख्या दमट मुलखांत ही काटछांट केल्यास ओल आंत राहते आणि ती बारीक नळींत गोठून वाट अडविते.

काम झाल्यावर बिल व जुना भाग मागून घ्यावा. बहुतेक कंपन्या कॉम्प्रेसरची हमी इतर भागांहून अधिक वर्षें देतात. तो कागद शोधल्याशिवाय पैसे देऊं नयेत. सरकारच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं जें संकेतस्थळ उघडलें, त्यामागील उद्देशहि हाच आहे कीं, दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती ग्राहकास मिळावी. कपाट फार जुनें असेल, अंगास गंज चढला असेल आणि गळतीच भिंतीच्या आंत असेल, तर नवें घेणें शहाणपणाचें. परंतु हा निर्णय शेवटचा असावा, पहिला नसावा.

आमच्या कपाटास अखेर योग्य रबर मिळालें. बर्फ वितळविला, जाळी झाडली. आणि त्याच गॅसवर, त्याच कॉम्प्रेसरवर तें पुढें कित्येक पावसाळे चाललें. खर्च आला तो त्या कारागिरांनीं सांगितलेल्या रकमेचा एक लहानसा अंश. आत्याबाई पुढें दार लावतांना दर वेळीं त्याच्या खालच्या कोपऱ्यावर हात फिरवून पाहत. आज घरीं गेल्यावर, किंवा घरींच ऐकत असाल तर हें भाषण संपल्यावर, आपणहि कागदाचा एक कपटा घेऊन आपल्या कपाटाच्या दारापाशीं जा, एवढीच माझी विनंति आहे.