वाद्याची सजावट आणि वाद्याचा कंठ

(मोर्शी येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील भाषण)



आज मला हस्तकला आणि संगीत या दोन विषयांची सांगड घालणाऱ्या एका लहानशा गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. शाळेतील वाद्य मुलांच्या हातून सजवून घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर कसे, हा तो विषय. गोष्ट लहान असली तरी तिच्यापायी मी एकदा चांगलीच चूक केली आहे. तेव्हा आरंभ त्या चुकीपासूनच करतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका लहान गावी होतो. गावातील एका वृद्ध भजनकरी बाबांनी आपली एकतारी प्रार्थनेसाठी शाळेला दिली. भोपळा जुना, काळवंडलेला. स्नेहसंमेलन जवळ आले होते. मी मोठ्या उत्साहाने ऑइलपेंटचा डबा आणला, भोपळ्यावर वेलबुट्टी काढली, आणि हात थांबेना म्हणून भोपळ्याच्या तोंडावर मढविलेल्या कातड्यावरही एक कमळ रंगविले. रंग वाळल्यावर तार छेडली, तो घोंगडीखालून यावा तसा आवाज आला. बाबांनी एकतारी कानाशी धरली, एकवार तार छेडली आणि ते इतकेच म्हणाले, "गुरुजी, साजरी दिसून राह्यली जी, पण बोलत नाही." त्यांनी मला दोष दिला नाही, म्हणूनच ते वाक्य आजवर विसरता आले नाही. कातडे पुन्हा मढवावे लागले.

ही जुनी आठवण आज सांगण्यास कारण घडले आहे. अलीकडे एखाद्या शाळेत लोकवर्गणीतून किंवा माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून युकुलेले नावाचे वाद्य येऊ लागले आहे. चार तारांचे हे छोटेखानी वाद्य मुलांच्या हाताला बरोबर बसते. अटलांटिक महासागरातील मदेरा बेटावरून १८७९ साली कामगारांना घेऊन एक जहाज हवाई बेटांवर पोहोचले. त्यात लाकूडकाम जाणणारे काही कारागीर होते. त्यांच्याबरोबर गेलेल्या एका लहान तंतुवाद्यापासून तेथे युकुलेले घडले. हवाईतील जुन्या कारागिरांनी त्याच्या काठाने व नादरंध्राभोवती वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे बारीक जडावकाम केले. आज बाजारात तशाच जडावकामाचा भास देणारी, शिंपल्यासारखी चकाकणारी पातळ स्टिकरे मिळतात, आणि मुलांना ती लावण्याचा मोह होतो.

मागील सत्रात एका शाळेस भेट दिली, तेव्हा युकुलेले कपाटात कुलूपबंद आढळले. कारण विचारता समजले की, एका मुलीने त्याच्या दर्शनी भागावर फुगीर स्टिकरांची दाटी केली, म्हणून तिला रागे भरून वाद्य आत ठेवले. जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद सुरक्षित होती. मुलांच्या हातात मात्र ते नव्हते. मला त्या मुलीच्या जागी मीच दिसलो. तिला जे ठाऊक नव्हते ते मलाही ठाऊक नव्हते. फरक इतकाच की मी शिक्षक होतो!

तर ठाऊक असावयास हवे ते काय? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, मिरजेत आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचे काम मागे पडल्यावर सतार व तंबोरा घडविण्यास आरंभ केला; फरीदसाहेबांचे नाव त्यात अग्रक्रमाने घेतले जाते. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळे आणि तुणीचे लाकूड घेऊन ही वाद्ये तयार होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. या वाद्यांवरील नक्षी पूर्वी हस्तिदंताची व सांबरशिंगाची असे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्याच्या १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. आता सेल्युलॉइड वा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर नक्षी कोरून तीत रंग भरतात. म्हणजे खऱ्या दंताऐवजी दुसरा पदार्थ वापरणे ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे. मिरजेच्या कारागिरानेही ते केले आहे.

आता तो कारागीर नक्षी कोठे करतो ते पाहा. तबलीच्या काठाने, दांडीच्या कडांनी, भोपळा व दांडी जुळतात त्या जागी. घोडीभोवतीची तबली मात्र तो मोकळी सोडतो. कारण तार स्वतः फारच थोडी हवा हालविते. तारेचे कंपन घोडीतून तबलीत उतरते, आणि ती पातळ तबली थरारते तेव्हा आपल्याला नाद ऐकू येतो. तबली हा वाद्याचा कंठ होय. युकुलेलेची तबली तर साधारण दोन मिलिमीटर जाडीची. तिच्यावर एखादे कागदासारखे पातळ स्टिकर लावल्याने कानाला फरक कळणार नाही. पण जाड, फुगीर स्टिकरांची दाटी झाली की थरार दबतो आणि आवाज बसतो. वर्गात हे दाखविणे सोपे आहे. तार छेडा, लगेच तबलीवर तळहात टेकवा, आणि मुलांना ऐकू द्या.

यावरून नियम असा निघतो की, काठ सजवावा, कंठ मोकळा ठेवावा. नादरंध्राभोवती एक पातळ कडे चालेल, पण रंध्र झाकू नये. दांडीच्या मागे, जेथे अंगठा सरकतो, तेथे काहीही लावू नये. खुंट्यांच्या जवळचा माथा आणि वाद्याच्या कडा या मुलांच्या कल्पकतेस मोकळ्या आहेत.

दांडीच्या दर्शनी बाजूस पडद्यांच्या मधल्या जागेत ठिपके लावता येतात, आणि येथे सजावट स्वतःच धडा होते. कोणतीही एक तार मोकळी छेडून तिला षड्ज मानावे. पाचव्या पडद्यावर तारेची लांबी जवळजवळ पाऊण उरते व मध्यम मिळतो. सातव्यावर जवळजवळ दोन तृतीयांश उरते व पंचम मिळतो. बाराव्यावर तार निम्मी होते व वरचा षड्ज मिळतो. चौथीच्या मुलाने फूटपट्टीने हे मोजावे, मग ठिपका लावावा. अपूर्णांक त्याला कानाने कळेल. एक सावधगिरी मात्र हवी. गिटारसाठी विकल्या जाणाऱ्या संचात नवव्या पडद्यासाठी ठिपका असतो. युकुलेलेवर तो दहाव्यास देण्याचा प्रघात आहे. शिवाय ते ठिपके मोठे पडतात. ठिपका पडद्याच्या तारेवर चढता कामा नये. चढला तर तार तेथे झणझणते.

कृती सांगतो. प्रथम वाद्य वाजवून सर्वांनी ऐकावे. तारा सैल कराव्यात. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नये, पॉलिश खराब होते. वाद्याचा काठ कागदावर रेखून साचा करावा, नक्षी आधी त्यावर जुळवावी. महाग स्टिकर नसले तरी अडत नाही. गाड्यांचे नंबर लिहिणाऱ्याकडील रेडियमच्या कातरणीतून पाने, मोर, संत्र्याची फुले सुरेख कापता येतात. चिमट्याने उचलून जागी ठेवावे, मधून कडेकडे दाबत जावे म्हणजे हवा राहत नाही. एक दिवस जाऊ द्यावा, तारा जुळवाव्यात, आणि पुन्हा सर्वांनी ऐकावे. आवाज पूर्वीसारखाच असेल तर काम साधले.

आपल्या वऱ्हाडचा उन्हाळा या कामाचा शत्रू आहे. पत्र्याच्या खोलीत वैशाखात डिंक पाघळतो, स्टिकर सरकते, घोडीचा सांधाही सुटू शकतो. सुटीत वाद्य तारा सैल करून, थंड भिंतीच्या खोलीत ठेवावे. स्टिकर काढावयाचे असल्यास किंचित ऊब द्यावी, कोपरा उचलून कलत्या दिशेने हळूहळू ओढावे. पॉलिश असलेल्या लाकडावर उरलेला डिंक खोबरेल तेलाच्या एका थेंबाने निघतो. नंतर कोरडे पुसून घ्यावे.

ज्यांच्या शाळेत युकुलेले नाही त्यांनी हळहळू नये. आपला जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा जिल्हा आहे. गावोगावी खंजिरी आहे, एकतारी आहे. खंजिरीचे लाकडी कडे सजवावे, कातडे सोडावे. एकतारीचा भोपळा सजवावा, कातडे सोडावे. नियम तोच.

त्या शाळेत पुढे काय झाले ते सांगून थांबतो. बाईंनी कपाट उघडले. त्या मुलीनेच एकेक स्टिकर सोडविले, आणि प्रत्येक वेळी वर्गाने तार ऐकली. आवाज मोकळा होत गेला तसा तिचा चेहराही. मग तिने काठाने एक बारीक वेल लावली. आता ते वाद्य ती आपणहून पुसते, आणि वर्गातील प्रत्येक जण पाळीपाळीने वाजवतो. मुलाचा हात ज्या वस्तूला लागतो ती तो जपतो. आपण तो हात फक्त योग्य जागी नेऊन ठेवावयाचा असतो. बाबांनी मला जे एका वाक्यात शिकविले ते मुलांना न दुखावता शिकविता आले, तर माझी जुनी चूक काही अंशी फिटली असे मी समजेन.