रॅकेट दिल्या, पण शिकवणार कोण?

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेले भाषण)



मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे आम्ही फार वेळ घेणार नाही. कमिटीने पाच मिनिटं दिली आहेत, ती पाळू.

आम्ही म्हणजे दर शनिवारी सकाळी शाळेचा हॉल भाड्याने घेऊन बॅडमिंटन खेळणारी आठ-दहा सॉफ्टवेअरवाली मंडळी. आठवडाभर खुर्चीत बसून पोटं सुटलेली, पण स्मॅश मारताना प्रत्येकाला आपण गोपीचंदच आहोत असं वाटतं!

आधी एक कबुली देतो. तीन वर्षांपूर्वी याच कार्यक्रमात आम्ही वर्गणी काढली आणि सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेला चाळीस रॅकेट, नेट आणि शटलचे डबे पाठवले. फोटो आले, टाळ्या वाजल्या, आम्ही खूश. गेल्या वर्षी आमच्यातला एक जण सुट्टीवर गेला तेव्हा मुद्दाम शाळेत डोकावला. हेडमास्तरांनी चहा पाजला आणि कपाट उघडून दाखवलं. निम्म्या रॅकेट प्लॅस्टिकमध्ये तशाच. शटल महिन्याभरात संपली होती. हेडमास्तर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "साहेब, वस्तू चांगल्या आहेत हो, पण शिकवणार कोण?"

चूक शाळेची नव्हती, आमची होती. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला पुलेला गोपीचंद यांची आठवण झाली.

इथून गाडीने तासाभरावर बर्मिंगहॅम आहे. तिथे मार्च २००१ मध्ये गोपीचंद यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. उपांत्य फेरीत डेन्मार्कचा पीटर गेड, अंतिम फेरीत चीनचा चेन हाँग, १५-१२, १५-६. प्रकाश पदुकोण यांच्या १९८० च्या विजेतेपदानंतर एकवीस वर्षांनी हा मान भारताकडे आला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीत क्रिकेटचे स्टंप बाजूला पडले आणि दोन झाडांना दोरी बांधून बॅडमिंटन सुरू झालं.

हा माणूस इथवर कसा पोचला ते पाहा. १९९४ मध्ये आपल्या पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत खेळताना त्यांचा गुडघा निकामी झाला. शस्त्रक्रिया झाल्या. तरी १९९६ ते २००० अशी सलग पाच वर्षं ते राष्ट्रीय विजेते होते. ऑल इंग्लंडनंतर शीतपेयाची जाहिरात दारी आली, ती त्यांनी नाकारली. जे आपण पीत नाही ते मुलांना प्या म्हणून सांगायचं नाही, हा साधा हिशोब.

पण आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. २००३ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने हैदराबादजवळ गच्चीबावलीला त्यांना अकादमीसाठी पाच एकर जमीन भाडेपट्ट्याने दिली. जमीन मिळाली, पण बांधायला पैसे कुठे होते? त्यांनी राहतं घर गहाण ठेवलं. मग निम्मगड्डा प्रसाद या उद्योजकांनी मोठी देणगी दिली आणि २००८ मध्ये अकादमी उभी राहिली. घर गहाण टाकायला तयार असलेला शिक्षक आणि वेळेवर हात देणारा दाता, दोघेही लागले. एकट्याने भागलं नसतं.

आणि फळ कधी मिळालं? सायना नेहवालचं ऑलिम्पिक ब्राँझ २०१२ मध्ये, म्हणजे जमीन मिळाल्यावर नऊ वर्षांनी. पी. व्ही. सिंधूचं रौप्य २०१६ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. मधल्या काळात काय होतं? उजाडायच्या आत कोर्टवर हजर राहायचं, तीच पावलं, तेच फटके, पुन्हा पुन्हा. रिओच्या आधी त्यांनी सिंधूचा फोन तीन महिने काढून घेतला होता, हे आपण वाचलंच असेल. (आमच्या घरी आम्ही हा प्रयोग करून पाहिला. तीन तासही टिकला नाही!)

सगळं सुरळीत झालं असंही नाही. २०१४ मध्ये सायना दुसऱ्या प्रशिक्षकांकडे गेली, २०१७ मध्ये परत आली. पण अकादमीची पहाटेची प्रॅक्टिस चालूच राहिली. आपल्या मुंबईत वाढलेला चिराग शेट्टीही पुढे याच अकादमीत खेळू लागला. २०२२ मध्ये थॉमस कप जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीबरोबर त्याने पुरुष दुहेरीचं सुवर्ण मिळवलं.

ही सगळी पदकं पाहिली की आम्हाला ते कपाट आठवतं. आम्ही वस्तू दिल्या, शिकवणारा माणूस दिला नाही. एकदाच दिलं, नऊ वर्षांचा विचार केला नाही.

म्हणून यंदा रॅकेट पाठवायच्या नाहीत. शाळेजवळच राहणारा, जिल्हा पातळीवर खेळलेला एक तरुण आठवड्यातून चार दिवस शिकवायला तयार आहे. त्याचा तीन वर्षांचा पगार आणि शटलचा खर्च आपण उचलायचा. दर सहा महिन्यांनी आमच्यातला एक जण जाऊन बघेल आणि खरं काय ते मंडळाला सांगेल. फक्त फोटो नाही!

ऑलिम्पिक पदकाचं वचन आम्ही देत नाही. पण १९५६ मध्ये परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचा जन्म सांगलीचाच. त्या मातीतली मुलं रोज संध्याकाळी कोर्टवर आली, हरायला आणि पुन्हा उभं राहायला शिकली, तरी आमचे पैसे वसूल.

तेव्हा विनंती एवढीच. आज एकदम मोठा चेक नसला तरी चालेल. दरमहा थोड्या रकमेची स्टँडिंग ऑर्डर करा, आणि ती तीन वर्षं बंद करू नका. दाराशी फॉर्म ठेवले आहेत. इथे टॅक्स भरणाऱ्यांनी गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. प्रत्येक पौंडामागे सरकार पंचवीस पेन्स घालतं.

पहिल्या फॉर्मवर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी कपाट उघडलं, तर ते रिकामं दिसायला हवं. सगळ्या रॅकेट मुलांच्या हातात.

चला, जेवायला!